चौथी ओळ

मधवालीचं गाणं तिच्याआधी बाजारात पोचायचं. ती बसमधून बरण्यांचं खोकं उतरवत असायची, तोवर शेजारचा अंडीवाला ट्रे मांडता मांडता तिचीच चाल गुणगुणत असायचा. तिला येताना पाहिलं की म्हणायचा, “या मावशी. तुमचा मध काही मी चाटला नाही, नुसतं गाणं म्हटलं, तरी खोकला गेला बघा.”

“मग मीही आज नुसतं अंड्याचं नाव घेते,” ती म्हणायची, “पोट भरलं तर सांगते तुम्हाला.”

असा दिवस सुरू व्हायचा. फळीवर चादर पडायची, चादरीवर बरण्या लागायच्या. ऊन मागून यायचं आणि एकेक बरणी आतून दिवा लावल्यासारखी उजळायची. मग ती कमरेवर हात ठेवून, कुणाकडेच न बघता, गाणं सोडायची:

घसा रुसला, आवाज बसला, एक बोट मध चाट गं
पाय थकले, खांदे वाकले, एक बोट मध चाट गं
झोप उडाली, रात बुडाली, एक बोट मध चाट गं
तान्हं रडलं, काय बिघडलं, त्याच्याही ओठी लाव गं

बस, चारच ओळी. पण चाल अशी, की माणूस घरी गेला तरी ती त्याच्या मागे मागे जायची. भाजीवाल्या तिच्यावर पेंढ्या बांधायच्या. पोरी दोरीच्या उड्या मारायच्या. आणि बाजाराच्या तोंडाशी, जिन्याखालच्या खोपटात बसलेली शिंपीणबाई पायाखालचं मशीन त्याच तालावर चालवायची.

गाणं जन्मलं होतं घरामागच्या पत्र्याच्या खोलीत. मधवाली आणि तिचा थोरला भाऊ, दोघंच त्या घरात. भाऊ मधमाश्यांच्या पेट्या सांभाळायचा. तो दिवसाला दहा शब्द बोलायचा, त्यातले सहा माश्यांशी. मध काढायच्या दिवशी ती गरम पाण्यात सुरी बुडवायची, पोळ्याच्या चौकटीवरची मेणाची पांढरी साय अलगद उतरवायची, आणि भाऊ चौकटी यंत्राच्या पिंपात उभ्या करून दांडा फिरवायचा. पिंपात मधाचे फटकारे बसायचे, सर सर सर. चार फेरे झाले की भाऊ थांबायचा, चौकटी उलटायचा, पुन्हा चार फेरे.

त्या फेऱ्यांनी गाणं मागितलं. तिच्या आईला प्रत्येक कामाला गाणं लागायचं, भांडी घासायलासुद्धा, आणि लेकीला आईचं दुसरं काही मिळालं नसलं तरी तो कान मिळाला होता. पहिल्या तीन ओळी एकाच दुपारी आल्या. तिन्ही त्या दोघांच्या अंगावरून गेलेल्या. बाजारात ओरडून घसा तिचाच बसायचा आणि कोमट पाण्यातल्या चमचाभर मधाने मोकळा व्हायचा. उतारावरच्या पेट्यांकडे चढून-उतरून पाय भावाचे थकायचे. झोप तर तिची कैक वर्षं रुसलेली. झोपताना एक बोट मध जिभेवर ठेवलं की निदान तोंड गोड करून जागता यायचं.

पण फेरे चार होते. तीन ओळींवर गाणं लंगडायचं, दांडा चौथ्या फेऱ्याला रिकामा जायचा. ती दोन दिवस शोधत राहिली. तिसऱ्या दिवशी सुरी पुसता पुसता चौथी ओळ आपणहून आली. तिला मूल नव्हतं. तान्ह्या बाळाला तिने कधी महिनाभर जवळून पाहिलंही नव्हतं. पण गाण्यात बाळ आलं की गाणं कसं भरल्या घरासारखं वाटतं. ‘तान्हं रडलं, काय बिघडलं.’ दांडा फिरला, पिंप घुमलं, चौथा फेरा भरला. घाम न गाळता आलेली ती एकच ओळ होती, आणि तिला तीच सगळ्यात जास्त आवडली.

मग तिला वाटलं, गाणं बरणीवर छापावं. छापखानेवाला कानामागे पेन्सिल खोचून बसला होता. त्याने जुनं लेबल समोर ठेवलं, चार बोटं रुंद. “गाणं घालू,” तो म्हणाला, “पण जागा कुठाय? काहीतरी काढावं लागेल.”

लेबलवर होतं तरी काय? मधाचं नाव. वजन. थंड, कोरड्या जागी ठेवा. आणि सगळ्यात खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत: एक वर्षाखालील बाळांना मध देऊ नये. मधमाश्या पाळायचं शिकवणाऱ्या लोकांनी पहिल्या दिवशी जो नमुना दिला होता, त्याच्यावर ही ओळ होती. ती तेव्हापासून होती. रोज दिसणाऱ्या भिंतीवरच्या खिळ्यासारखी, दिसून न दिसणारी.

“शेवटची काढा,” ती म्हणाली. “कोण वाचतंय ते.”

“नक्की?”

“अहो, मध आहे तो. फिनाईल नाही.”

छापखानेवाला हसला. तीही हसली.

लेबलं घरी आल्यावर भावाने एक बरणी हातात घेऊन फिरवली. “खालची ओळ कुठे गेली?”

“जागा नव्हती.”

“हं,” भाऊ म्हणाला, आणि डिंकाचं भांडं पुढे ओढून लेबलं चिकटवायला बसला.

* * *

वर्ष गेलं, वर आणखी काही महिने. एका आठवडी बाजारी तिला जाणवलं, की जिन्याखालून मशीनचा आवाज येत नाहीये. पुढच्या बाजारीही खोपटाला कुलूप. शिंपीणबाई म्हणजे न्हावी चुकेल, बस चुकेल, पण ती चुकायची नाही. मागे ताप अंगात घेऊन तिने शाळेचे गणवेश शिवले होते.

“तुम्हाला ठाऊक नाही?” अंडीवाला म्हणाला. त्याचा आवाज आज चालीवर नव्हता. “तिचा नातू. तीन महिन्यांचा. दवाखान्यात ठेवलाय. लुळा पडलाय म्हणे. मान धरत होता, ती टाकली. दूध ओढत नाही. रडतो तर मांजराच्या पिल्लाएवढा आवाज.”

“कशाने?”

“कळत नाहीये म्हणे.”

मधवालीने बरण्या लवकर आवरल्या. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून एक बरणी पिशवीत टाकली. बाळाची आई जागरणाने वाळली असेल, तिला बरं वाटेल. इतका साधा विचार होता. पुढे कितीदा तरी तिला तो आठवला आणि प्रत्येक वेळी अंगावरून पाल गेल्यासारखं झालं.

दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर लांबच लांब बोळ होता. भिंती निम्म्यापर्यंत हिरव्या, वर पांढऱ्या. शेवटच्या बाकावर शिंपीणबाई बसली होती. गळ्यात मापाची टेप तशीच. घरून निघताना काढायची राहिली, ती दोन आठवडे राहिलेलीच. समोर काचेचं दार, दाराआड सून पाठमोरी, आणि सुनेच्या पुढ्यात एवढीशी खाट.

“आलीस,” शिंपीणबाईने तिचा हात धरला. “बस. तू तरी आलीस.”

मधवाली बसली. तिने पिशवीतून बरणी काढून बाकावर ठेवली. शिंपीणबाईने बरणीकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, थकलेलं, ओळखीचं.

“तुझं गाणं त्याला फार आवडायचं बघ,” ती हळू आवाजात म्हणाली. “सून आंघोळीला गेली की तो रडायचा. मग मी मांडीवर घ्यायची आणि म्हणायची, तान्हं रडलं, काय बिघडलं... आणि म्हणता म्हणता लावायची ओठाला. रोज एक बोट. असा चुटुचुटु चाटायचा. सुनेला सांगितलं नाही हं मी. आजकालच्या मुलींना सगळ्याची भीती. म्हटलं, आपली मधमावशी काय खोटं गाणार आहे?”

काय बिघडलं ते अजून मधवालीला नीटसं माहीत नव्हतं. नुसती मुंगीच्या पायाएवढी अक्षरं डोळ्यांपुढे आली.

तेवढ्यात दार उघडलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तरुणच होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला. मागोमाग सून.

“आजी, पुन्हा विचारते,” डॉक्टर म्हणाल्या. “नीट आठवून सांगा. आईच्या दुधाशिवाय याच्या तोंडात काही गेलंय? पाणी, साखर, कसलं औषध? मध?”

शिंपीणबाईने सुनेकडे पाहिलं. सून तिच्याकडेच बघत होती. शिंपीणबाईचा हात गळ्यातल्या टेपकडे गेला.

“नाही,” ती म्हणाली. “काही नाही.”

“नक्की ना? मी रागवायला विचारत नाहीये. मला एका आजाराची शंका आहे. मधात कधीकधी एक बारीक बी निजलेलं असतं. तुमच्याआमच्या पोटातून ते तसंच निघून जातं. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटात ते जागं होतं, विष सोडतं, आणि बाळ असं लुळं पडत जातं. आधी मान, मग गिळणं, मग श्वास. मध कितीही चांगला असला तरी, उकळलेला असला तरी. त्याच्यावर औषध आहे, पण ते लांबून मागवावं लागतं. तपासणीचा निकाल यायला अजून काही दिवस. कुणी खात्रीने सांगितलं तर मी आत्ता, या घटकेला मागवते.”

बाकावर बरणी होती. मधवालीने आपली पिशवी तिच्यावर सरकवली.

आपला हात हे करतोय हे तिने पाहिलं. कुणा दुसऱ्याचा हात बघावा तसं.

“नाही हो,” शिंपीणबाई पुन्हा म्हणाली, या वेळी जमिनीकडे बघून.

डॉक्टर तिसऱ्या बाईकडे वळल्या. “तुम्ही घरच्या का?”

“नाही,” मधवाली उठली. “मी आपली भेटायला आले होते. माझी बस आहे.”

आणि पिशवीसकट बरणी उचलून ती चालू लागली. बोळ संपेपर्यंत पाठीवर कुणाची तरी नजर होती. कुणाची, ते बघायला ती वळली नाही.

* * *

बसथांबा दवाखान्याच्या समोरच होता. ती लोखंडी बाकावर बसली. एक बस आली, दार उघडून उभी राहिली, गेली. ती बसूनच.

मन काय काय सांगत होतं. सांगणारच नाही का शिंपीण? आजी आहे ती, रक्ताची. आत्ता सुनेसमोर जीभ आवळली असेल, जरा बाजूला गेली की सांगेल. तुझं काय काम मध्ये पडायचं? आणि तुझ्याच मधाने झालं हे कशावरून? घरोघरी मध असतो. आणि तू तर एक बोट म्हणाली होतीस, रोज म्हणाली होतीस का? गाण्यात कुठे ‘रोज’ आहे?

मग दुसरं मन बोलायचं, आणि ते फार बोलायचं नाही. ते एवढंच म्हणायचं: फिनाईल नाही.

दुसरी बस आली. कंडक्टरने दारातून हात हलवला, येताय का? तिने मान हलवली. तो म्हणाला, “मग बाजूला तरी बसा, मला उगाच थांबवता.” बस गेली.

तिने बरणी बाहेर काढली. उन्हात ती नेहमीसारखीच दिसली, आतून दिवा लावल्यासारखी. लेबलावर गाणं होतं, वळणदार अक्षरांत, चौथ्या ओळीच्या टोकाला छापखानेवाल्याने हौसेने काढलेली एक माशी. माशीच्या खाली मोकळी जागा होती. चांगली अर्धा बोट. त्यात ती ओळ बसली असती. आज पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं, की जागा होती. थोडं गाणं वर सरकवलं असतं, माशी नसती काढली, तर जागा होती.

थांब्याशेजारी कचऱ्याचा डबा होता. ती उठली, बरणी त्यात टाकली आणि परत येऊन बसली. हात चिकट झाला नव्हता, तरी तिने तो कपड्याला पुसला. शेजारी वर्तमानपत्र वाचणाऱ्या म्हाताऱ्याने पानावरून तिच्याकडे पाहिलं.

समोर दुसऱ्या मजल्यावर एका खिडकीत दिवसाच दिवा जळत होता. तीच ती खोली असेल की नाही, कोण जाणे. आधी मान, मग गिळणं, मग. तिच्या ओठांवर आपोआप चाल आली. तिला ती नको होती. तिने दात आवळले, तरी ती आतल्या आत फिरत राहिली, चार फेरे, थांब, पुन्हा चार फेरे. रडणंही न जमणाऱ्या पोराला कुणी मांडीवर घेऊन विचारतंय, काय बिघडलं. आणि काय बिघडलं ते जगात दोनच बायांना ठाऊक. एक वर तोंड मिटून बसलेली, एक इथे.

तिसरी बस वळणावर दिसली तेव्हा ती डब्यापाशी गेली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

“काही पडलं का तुमचं?” म्हाताऱ्याने विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “मीच टाकलं होतं.”

बरणीला कुठल्याशा फळाचं साल चिकटलं होतं. ते न काढताच ती रस्ता ओलांडून गेली. तपासायला बरणी लागेल त्यांना, एवढंच डोक्यात होतं. जिने चढताना तिने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. ती उतरली तेव्हाही ते पाहिलं होतं. एक तास आणि वर दहा मिनिटं.

डॉक्टर आपल्या खोलीत काहीतरी लिहीत होत्या. तिने बरणी टेबलावर ठेवली.

“हा त्याला दिलाय. रोज एक बोट, किती दिवस ते आजीला विचारा. तिला रागावू नका. मी द्या म्हटलं होतं. त्यावर लिहिलंय बघा.”

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, लेबल वाचलं. चारी ओळी वाचल्या. मग फोन उचलला, कुणाशी तरी भरभर बोलल्या, औषधाचं नाव दोनदा सांगितलं, आजच, आत्ताच, असं म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, “तुम्हाला कधी कळलं हे?”

खोटं जिभेच्या टोकावर होतं. आत्ताच, धावतच आले.

“मघाशी तुम्ही विचारलंत तेव्हा,” मधवाली म्हणाली. “मी तिथेच होते.”

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. रागवल्या नाहीत. रागवल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, “तासाभराने फार फरक पडला नसेल.”

नसेल. हा शब्द घेऊन ती घरी आली, आणि तो पुढे किती दिवस तिच्या उशाशी बसून राहिला.

* * *

भावाला तिने सगळं सांगितलं. त्याने त्या दिवशीचे दहाही शब्द वाचवून ठेवले होते जणू. त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, “लेबलं मी चिकटवली.” आणि उठून मोठ्या टोपात पाणी तापत ठेवलं.

खोलीत होत्या नव्हत्या त्या सगळ्या बरण्या त्यांनी कोमट पाण्यात बुडवल्या. कागद फुगले, सुटले, पाण्यावर तरंगायला लागले. ‘चाट गं’, ‘चाट गं’, ‘लाव गं’. तिने मुठी भरभरून तो लगदा काढला. लेबलं सुटली, पण विकलेल्या बरण्या घरोघरी होत्या, आणि गाण्याला तर कुठलाच टोप पुरत नाही.

पुढच्या बाजारी ती बिनलेबलाच्या बरण्या घेऊन गाणं न म्हणता बसली. येईल त्याला तेवढं सांगायची, घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला देऊ नका. लोक माना डोलवायचे. “हो हो,” म्हणायचे, आणि जाताना तेच गाणं गुणगुणत जायचे. पलीकडे मोकळ्या जागेत पोरी दोरीवर उड्या मारत होत्या, तान्हं रडलं, काय बिघडलं. ती उठून त्यांच्यापाशी गेली. “पोरींनो, ती शेवटची ओळ म्हणू नका. ती चुकलीय.”

पोरी एकमेकींकडे बघून खुदकन हसल्या. “मग बरोबर काय आहे, मावशी?”

ती वळली तशी त्यांनी ओळ आणखी जोरात म्हटली.

बाळाला औषध लागू पडलं. आठवडे गेले, पण आधी डोळ्यांच्या पापण्या नीट उघडायला लागल्या, मग हात, मग ओढणं. एका सकाळी त्याने सगळा मजला डोक्यावर घेतला, असं अंडीवाल्याने सांगितलं. “काय रडला म्हणे मावशी, नर्स पेढे वाटायच्या बाकी होत्या.”

जिन्याखालचं खोपटं उघडलं त्या दिवशी मधवाली तिकडे गेली. बाहेर दोन बाया ब्लाऊजची मापं द्यायला थांबल्या होत्या. शिंपीणबाईने त्यांच्यासमोरच तिला जवळ ओढलं.

“हीच ती,” ती बायांना म्हणाली. “मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. सख्खी आजी मी, आणि भीतीने माझी जीभ उचलेना. ही परकी बाई परत आली आणि माझ्या वाट्याचं बोलली. हिच्यामुळे आहे आमचा पोरगा.” तिचे डोळे भरले. “तू नसतीस तर गं.”

“ताई, मी नसते तर हे झालंच नसतं,” मधवाली म्हणाली.

“असं बोलू नकोस. गाणं काय, सगळेच गातात. बोट माझं होतं.”

बाया मधवालीकडे कौतुकाने बघत होत्या. तिला वाटलं, पायाखालच्या चिंध्यांत शिरावं आणि वर टोपली झाकून घ्यावी.

आतल्या बाजूला सून बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. बाळ गुबगुबीत नव्हतं, पण मान धरत होतं, आणि मशीनच्या चाकाकडे टक लावून बघत होतं. शिंपीणबाई मापं घ्यायला बाहेर वळली तशी मधवाली आत सरकली.

“तुला एक सांगायचंय,” ती म्हणाली. “मी लगेच नाही सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी निघून गेले. समोर थांब्यावर बसले होते. तासभर.”

सून बाळाची पाठ थोपटत राहिली. हात थांबला नाही.

“मला माहीत आहे, मावशी. डॉक्टरांनी नाही सांगितलं. खिडकीतून थांबा दिसतो.” ती जरा थांबली. “मी बघत होते. मला वाटलं, ही बाई घरी का जात नाही? मग तुम्ही डब्यात काहीतरी टाकलंत. मग काढलंत.”

“मला शिव्या दे.”

“देऊन काय करू? आईंशीही मी अजून नीट बोलत नाही. घरात बायका दोघीच आहोत, एकीने तरी बोलायला हवं, पण जमत नाही.” तिने बाळाचं टोपडं सारखं केलं. “तो तास मी विसरणार नाही. हे खोटं नाही सांगत तुम्हाला. पण आईंना नका सांगू. त्या रोज निजताना तुमचं नाव घेतात. म्हणतात, मी चुकले पण निदान एक तरी माणूस तिथे धडाचं होतं. तेवढंच धरून त्या मशीनवर बसल्यात. ते काढून नका घेऊ.”

“म्हणजे मी नुसतं ऐकून घ्यायचं?”

“हो,” सून म्हणाली. “तेवढं करा.”

बाळाने मान वळवून मधवालीकडे पाहिलं. तिने हात पुढे केला नाही. कुणी तिला घ्या म्हटलंही नाही.

* * *

त्यानंतर तिने गाणं पुन्हा करायला घेतलं. गाणं मिटत नाही, त्याच्यावर दुसरं गाणंच घालावं लागतं, हे तिला त्या पोरींनी शिकवलं होतं. भाऊ दांडा फिरवायचा, ती सुरी पुसत शब्द शोधायची. चांगल्या ओळी आल्या. अगदी गोजिऱ्या, तालात चपखल. तिने एकेक म्हणून पाहिली आणि प्रत्येक सोडून दिली. इतकी सुरेख ओळ कानातून सरळ निघून जाते, मध्ये कुठे अडतच नाही. मागचीही अशीच निघून गेली होती.

बाजारी तिने बरण्या मांडल्या. नव्या लेबलवर गाणं नव्हतं. एकच ओळ होती, ठळक, लांबूनही वाचता येईल अशी. बाळाची. तिने कमरेवर हात ठेवले आणि किती तरी दिवसांनी चाल धरली. घसा रुसला. पाय थकले. झोप उडाली. अंडीवाल्याने ट्रेवर ठेका धरला. आणि चौथ्या फेऱ्याला ती म्हणाली:

वर्ष पुरं होईपर्यंत बाळाला मध द्यायचा नाही.

ठेका चुकला. अंडीवाल्याची बोटं हवेतच राहिली. “मावशी, ही काही चालीत बसत नाही.”

“नाही बसत.”

“अहो, पायरी चुकल्यासारखं होतं. जरा मागेपुढे करा ना शब्द.”

“नाही करत,” ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून धरलं.

दोरीवरच्या पोरींचे पाय तिथेच अडकायचे. त्या वैतागायच्या, पुन्हा सुरू करायच्या, पुन्हा तिथेच अडकायच्या. भाजीवाल्यांच्या पेंढ्या तिथे सुटायच्या. आणि दिवसातून दोन-तीनदा तरी कुणीतरी फळीपाशी थांबायचं. त्या दिवशी एक पोटुशी बाई थांबली, पिशवी पोटावर टेकवून.

“का हो?” तिने विचारलं. “का नाही द्यायचा?”

मधवालीने हातातली बरणी खाली ठेवली. “बसा जरा,” तिने उलटं खोकं पुढे केलं. “सांगते. मीच द्या म्हणत होते आधी.”

आणि तिने सांगितलं. छापखाना सांगितला, तिथलं हसणं सांगितलं, लेबलावरची माशी आणि तिच्याखालची मोकळी जागा. बाळाची मान सांगितली, डॉक्टरांचा प्रश्न सांगितला. बाई ऐकता ऐकता पोटावरून हात फिरवत राहिली. शेवटी म्हणाली, “पण तुम्ही जाऊन सांगितलंत. मोठं मन लागतं त्याला.”

जिन्याखालून मशीनचा आवाज येत होता, सलग, न अडखळता. शिंपीणबाई दारातून इकडेच बघत होती. तिने मान हलवून हसून दाखवलं.

मधवालीने बरणी पुसली, लेबल पुढे येईल अशी फिरवून ठेवली, आणि पुन्हा गाणं धरलं. सगळं सांगते ती, येईल त्याला, विचारेल त्याला. एक तास सोडून.